समुदायाची सगळी साधनं एकसारखी दिसावीत का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठी विकिपीडिया आणि विकिस्रोतावर काम करणाऱ्या एका स्वयंसेवी गटाकडे हळूहळू बरीच साधनं जमली आहेत: लेखांना वर्ग लावायचं गॅजेट (गॅजेट म्हणजे विकीच्या पानातच चालणारा छोटा प्रोग्राम), शुद्धलेखन तपासणारं गॅजेट, लेखस्पर्धेचा गुणफलक, स्कॅन केलेल्या पुस्तकांची प्रगती दाखवणारं पान, सांगकाम्याला, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या बॉटला, काम नेमून द्यायचं पान. प्रत्येकाचं रूप निराळं. गटात नव्याने आलेली एक डिझायनर म्हणते की दोन महिन्यांत सगळ्यांना एकच रूप देऊन टाकते. जुनी मंडळी म्हणतात, चाललंय ते चालू द्या, हात लावलात की मोडेल. ऐकायचं कुणाचं? आणि जाता जाता, या सगळ्यावर एखादा लोगो असावा का?

मी गॅजेटं लिहितो, दुसऱ्यांनी लिहून सोडून दिलेली दुरुस्त करतो आणि काही साधनं टूलफोर्जवर, म्हणजे स्वयंसेवकांच्या साधनांसाठी असलेल्या विकिमीडियाच्या सर्व्हरवर, चालवतो. बरीच वर्षं हेच करतोय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी निकाल सांगतो. सगळं नव्याने रंगवायचा बेत रद्द करा, पण त्या डिझायनरला जाऊ देऊ नका. एकच सदस्य एका साधनातून दुसऱ्यात जातो तेव्हा जिथे अडखळतो, तेवढ्याच जागा आधी सारख्या करा. अशा जागा फार नसतात. रंगाचा अर्थ, बटणाचं वजन, चूक झाल्यावर दिसणारा संदेश, तारीख-आकडे, आणि आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे देवनागरी. बाकीचं वेगळेपण खुशाल राहू द्या, त्यातलं काही तर मुद्दाम राखायला हवं.

साधनं वेगवेगळी दिसतात त्यात कुणाचा गलथानपणा नसतो. ती वेगवेगळ्या काळात जन्मलेली असतात. विकिपीडियाचं मोनोबुक हे रूप २००४ मध्ये आलं, व्हेक्टर २०१० मध्ये, आणि नवं व्हेक्टर, ज्याला व्हेक्टर २०२२ म्हणतात, ते इंग्रजी विकिपीडियावर जानेवारी २०२३ मध्ये लागू झालं. आतल्या सामग्रीचंही तेच. एकेकाळी गॅजेटं जेक्वेरी यूआय या तयार बटणांच्या संचावर बांधायचे. २०१३ च्या सुमारास व्हिज्युअल एडिटरसोबत ओओयूआय नावाचा बटणं-खिडक्यांचा संच आला. आता तो देखभालीपुरता उरलाय आणि त्याच्या जागी व्ह्यू या जावास्क्रिप्ट चौकटीवर बांधलेला कोडेक्स आलाय. टूलफोर्जवर ज्यानं त्यानं हाताशी असेल ते वापरलं, बहुतेकदा बूटस्ट्रॅप हा सर्वत्र मिळणारा तयार संच. म्हणून सरावलेल्या माणसाला नुसतं बटण बघून साधनाचं वय सांगता येतं. तुमच्या गटातली पाच साधनं समोर ठेवलीत तर पाच कालखंड दिसतील, आणि प्रत्येक कालखंडातला निर्णय त्या वेळी शहाणपणाचाच होता. नव्या डिझायनरला हे पहिल्याच दिवशी सांगा. नाहीतर ती जुन्या मंडळींना अडाणी समजेल, आणि तिथून पुढे कामच होत नाही.

आता रंग. विकिस्रोतावरची कुठल्याही पुस्तकाची अनुक्रमणिका उघडा. पानांच्या आकड्यांची जाळी दिसते आणि प्रत्येक आकड्यामागे रंग असतो. लाल म्हणजे मुद्रितशोधन व्हायचंय, पिवळा म्हणजे एकदा झालंय, हिरवा म्हणजे दुसऱ्या सदस्याने पडताळलंय, जांभळट म्हणजे पानात काहीतरी अडचण आहे, करडा म्हणजे मजकूरच नाही. तिथे रोज बसणाऱ्या माणसाच्या डोक्यात हे पक्कं बसलेलं असतं. लाल दिसलं की त्याला धोका वाटत नाही, ‘इथे काम आहे’ असं वाटतं. पिवळं दिसलं की त्याला इशारा वाटत नाही, ‘अर्धं झालंय, आता मी बघतो’ असं वाटतं.

हाच माणूस तुमच्या प्रगतिफलकावर येतो. तो फलक कुणीतरी बूटस्ट्रॅपमध्ये बनवलाय, आणि बूटस्ट्रॅपमध्ये लाल म्हणजे बिघाड, पिवळा म्हणजे सावधान, हिरवा म्हणजे झालं. एकदाच शोधलेली पानं बनवणाऱ्याने हिरवी दाखवली, कारण त्याच्या लेखी ती ‘झाली’. आता एकच पान एका ठिकाणी पिवळं आणि दुसऱ्या ठिकाणी हिरवं. पडताळणी करायला बसलेला सदस्य फलकावर हिरवं बघून ते पान सोडून देतो. पुस्तक महिनोन्‌महिने अर्धवट राहतं आणि कारण कुणालाच कळत नाही. विसंगतीचा खरा तोटा असा असतो. गुणफलकाचे कोपरे गोल आहेत आणि गॅजेटचे चौकोनी, यामुळे आजवर एकही पान अडलेलं मी पाहिलेलं नाही.

म्हणून पहिलं काम हे की मूळ ठिकाणी ज्या रंगाला जो अर्थ आहे तोच अर्थ तुमच्या साधनात ठेवा, मग तुमच्या सामग्रीची सवय काहीही असो. विकिपीडियावर असे ठरलेले रंग बरेच आहेत. नसलेल्या लेखाचा दुवा लाल. अलीकडील बदलांत मजकूर वाढला तर आकडा हिरवा, घटला तर लाल. दोन आवृत्त्यांमधला फरक बघताना डावीकडे पिवळा आणि उजवीकडे निळा. या शेवटच्या जोडीकडे नीट बघा. तिथे लाल-हिरवं सहज घालता आलं असतं, पण लाल आणि हिरव्याची गल्लत होणारे लोक, विशेषतः पुरुष, कमी नाहीत. पिवळा-निळा त्यांनाही वेगळा दिसतो. तुमचं शुद्धलेखन-गॅजेट जुना शब्द लाल आणि नवा शब्द हिरवा दाखवत असेल तर ते आजच बदला. फुकटात दोन कामं होतील.

आणि रंग कधीच एकटा ठेवू नका. सोबत शब्द हवा, चिन्ह हवं. उन्हात मोबाइल धरला की पिवळा आणि पांढरा एकच.

बटणांची गोष्ट थोडी मजेदार आहे. ओओयूआयमध्ये सुरुवातीला तीन रंगांची महत्त्वाची बटणं होती. निळं म्हणजे पुढे चला, हिरवं म्हणजे काहीतरी नवं घडवा, लाल म्हणजे मोडा, काढून टाका. कागदावर छान दिसतं. पण ‘पुढे चला’ कुठे संपतं आणि ‘घडवा’ कुठे सुरू होतं, हे दोन माणसं सारखं सांगू शकत नाहीत. बदल जतन करणं म्हणजे पुढे जाणं की घडवणं? शेवटी हिरवं बटण काढून टाकलं. आज कोडेक्समध्येही निळं आणि लाल एवढंच आहे, बाकी सगळी साधी करडी नाहीतर बिनचौकटीची. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सगळ्यात शहाणा निर्णय. नियम वाढवून सुसंगती येत नाही. जो नियम दहा स्वयंसेवक न विचारता सारखाच लावतील तोच ठेवायचा.

तुमच्यासाठी तो नियम असा पुरेल: एका पडद्यावर भरीव निळं बटण एकच. जे परत फिरवता येत नाही तेच लाल. विकिपीडियावर जवळजवळ सगळंच उलटवता येतं, त्यामुळे लाल बटण क्वचितच लागेल. सांगकाम्याच्या पानावर मात्र ते नक्की हवं. पाचशे लेखांवर चुकीचा वर्ग लागला तर तांत्रिकदृष्ट्या तोही उलटवता येतो, पण उलटवणाऱ्याचा रविवार जातो. तिथे नियमाला एवढा अपवाद करा: ‘चालू करा’ निळं ठेवा, ‘थांबवा’ लाल ठेवा, आणि ते ‘थांबवा’ सांगकाम्या काम करत असताना पूर्ण वेळ डोळ्यांसमोर राहू द्या.

आता रंग लिहायचा कसा, हे बघू. बहुतेक गॅजेटांत रंगाचा आकडा थेट लिहिलेला असतो. २०२४ मध्ये विकिपीडियावर गडद रूप आलं तेव्हा त्याची किंमत सगळ्यांना कळली. कितीतरी साच्यांमध्ये, माहितीचौकटींमध्ये, सूचनापट्ट्यांमध्ये पार्श्वभूमी फिकट पिवळी किंवा फिकट निळी ठरवून दिलेली होती, पण अक्षरांचा रंग लिहिलेलाच नव्हता. उजेडी रूपात अक्षरं आपोआप काळी यायची, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. गडद रूपात अक्षरं आपोआप पांढरी झाली आणि पार्श्वभूमी तशीच फिकट राहिली. फिकट पिवळ्यावर पांढरं. वाचून दाखवा.

यावर उपाय म्हणजे डिझाइन टोकन. नाव जड आहे, कल्पना सोपी. रंगाला त्याच्या दिसण्यावरून नाव द्यायचं नाही, कामावरून द्यायचं. ‘फिकट पिवळा’ म्हणायचं नाही, ‘इशाऱ्याची सौम्य पार्श्वभूमी’ म्हणायचं. मग त्या नावामागे उजेडात एक रंग आणि अंधारात दुसरा, हे एकाच जागी ठरतं. कोडेक्सने अशी नावं रंग, अंतरं, कडा, अक्षरांचे आकार या सगळ्यांना दिली आहेत, आणि पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसचे चल (व्हेरिएबल) म्हणून ती गॅजेटात आणि साच्यांतही वापरता येतात. मूळ आकडा सोबत पर्याय म्हणून लिहायचा, म्हणजे चल सापडला नाही तरी रंग येतो. तुमच्या पाचही साधनांचे रंग टोकनांवर नेणं हे एका माणसाचं थोड्याच दिवसांचं काम आहे. त्यात रूप फारसं बदलत नाही, त्यामुळे कुणी ओरडतही नाही. डिझायनरच्या ‘दोन महिने’ या आकड्यातला हा भाग तिला जरूर द्या. एक पथ्य सांगा: पार्श्वभूमी लिहिली की अक्षराचा रंग लिहायचाच, आणि दोन्हींमधला फरक किमान ४.५:१ भरतोय का ते मोजायचं.

इथवरचं सगळं कुठल्याही भाषेच्या समुदायाला लागू आहे. पुढचं फक्त आपल्याला.

तयार डिझाइन-संच रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले असतात. ते जसेच्या तसे सगळीकडे लावलेत तर एका साधनातली देवनागरीची गैरसोय पाचही साधनांत पोचते, आणि तीही अगदी सुसंगतपणे. म्हणून समान पाया घालण्याआधी त्यातून मराठी गाळून बघा. मी एक चाचणीचं वाक्य खिशातच ठेवतो: ‘कर्तृत्वाच्या गर्वोक्तींनी तऱ्हेवाईक हृदये हेलावली.’ अर्थाकडे बघू नका. त्यात वर रफार, मात्रा आणि अनुस्वाराची गर्दी आहे, खाली ऋकार आहेत, मध्ये अर्धा ऱ्ह आहे. हे वाक्य बटणात घाला, रकान्यात घाला, तक्त्याच्या शीर्षकात घाला. जिथे उंची ठरवून टाकलेली असेल तिथे ‘र्वो’चा माथा नाहीतर ‘हृ’चा पाय कापला जाईल. उपाय सोपा आहे. उंची बांधून टाकायची नाही, किमान उंची द्यायची आणि वर-खाली मोकळी जागा ठेवायची. ओळींमधलं अंतर सलग मजकुराला अक्षराच्या आकाराच्या १.६ पट तरी हवं. इंग्रजीत १.४ वर भागतं, आपलं भागत नाही.

मग अक्षरांमधलं अंतर. गूगलच्या मटेरियल डिझाइनच्या धर्तीवरच्या बटणांत इंग्रजी शब्द मोठ्या लिपीत आणि किंचित सुटा लिहायची पद्धत पडली. देवनागरीत मोठी लिपी नाहीच, त्यामुळे त्या नियमाचा परिणाम शून्य, आणि ‘हे शीर्षक आहे’ हे सांगायचं काम अर्धवट राहतं. सुटेपणाचा परिणाम मात्र पुरेपूर होतो. शिरोरेषा तुटते. ‘जतन करा’चे तुकडे दोरीवर वाळत घातल्यासारखे दिसतात. मराठीसाठी हे अंतर शून्य, अपवाद नाही. तिरपी अक्षरंही नकोत. बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरं तिरपं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षर ढकलून कलतं करतो आणि ते ढकलल्यासारखंच दिसतं. भर द्यायचा तर ठळक करा, पण बारीक आकारात ठळकही नको, ‘ष’ आणि ‘प’ एक होतात.

भाषेची खूण हा मुद्दा बहुतेक लोक विसरतात. पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी आहे हे लिहिलं नसेल तर काही फॉन्टांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. विकिपीडिया ही खूण स्वतः लावतो, टूलफोर्जवरच्या साधनात ती तुम्हाला लावावी लागते. एका शब्दाचं काम आहे. न केल्यास विकिपीडियावरून साधनात आलेल्या माणसाला काहीतरी परकं वाटतं आणि काय ते सांगता येत नाही.

लांब नावं तोडायची वेळ गुणफलकावर हमखास येते. लेखाचं नाव मावत नाही, म्हणून कुणीतरी जावास्क्रिप्टमध्ये ‘पहिली सात अक्षरं घे आणि पुढे टिंबं टाक’ असं लिहून ठेवतो. ‘महाराष्ट्र’ वर हे चालवून बघा. आपण चार अक्षरं मोजतो. संगणक दहा चिन्हं मोजतो. सातव्या चिन्हावर तोडलं की उरतं ‘महाराष्’, पाय मोडलेला ‘ष’ आणि पुढे टिंबं. तोडायचं काम सीएसएसवर सोपवा. कोडमध्येच तोडायचं असेल तर ब्राउझरचा स्वतःचा अक्षर-विभाजक वापरा, तो आता सगळ्या प्रमुख ब्राउझरांत आहे.

आणखी एक, जे चित्रात दिसत नाही पण हाताला जाणवतं. विकिपीडियावर संगणकावरून लिहिताना कंट्रोल-एम दाबलं की मराठी टंकलेखन चालू-बंद होतं. पुष्कळ जुने संपादक केवळ त्यावरच लिहितात, स्वतःच्या संगणकावर त्यांनी मराठी कळफलक बसवलेलाच नाही. ते तुमच्या साधनातल्या शोधचौकटीत येतात, सवयीने कंट्रोल-एम दाबतात, आणि ‘pune’ असं काहीतरी रोमन लिपीतच उमटतं. ज्या लायब्ररीवर (तयार कोडच्या संचावर) ही सोय चालते ती जेक्वेरी डॉट आयएमई सुटी मिळते, साधनात घालता येते. दोन पडदे हुबेहूब सारखे दिसूनही हे नसेल तर ते साधन त्या संपादकाला बाहेरचंच वाटणार. फक्त संगणकासाठीच याची गरज आहे, मोबाइलवर लोकांचा स्वतःचा कळफलक असतो.

आकडे आणि तारखा. मराठी विकिपीडिया आकडे देवनागरीत दाखवतो, साधनं रोमनमध्ये दाखवतात. यापैकी कुठलंही चालेल, पण एकाच तक्त्यात दोन्ही नकोत. तारखेत मात्र महिना अक्षरांनी लिहा. ०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च यावरून स्पर्धेत वाद होतात. त्याहून मोठे वाद वेळेवरून होतात. साधनांचे सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आपण साडेपाच तास पुढे आहोत. सदस्याने १ तारखेच्या पहाटे दोन वाजता लेख प्रकाशित केला, गुणफलकाच्या लेखी तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रात्री साडेआठला झाला. गुण गेले किंवा फुकट मिळाले. गुणफलकाच्या माथ्यावरच लिहा की वेळा भारतीय आहेत, आणि खरोखर तशा ठेवा.

आता जे सारखं करू नये असं मला वाटतं त्याबद्दल.

टूलफोर्जवरचं साधन म्हणजे विकिपीडिया नव्हे. ते कुण्या स्वयंसेवकाने लिहिलेलं, त्यानेच सांभाळलेलं असतं. सदस्य तिथे ओऑथने, म्हणजे विकिमीडियाच्या खात्याची परवानगी देऊन, आत येतो आणि ‘माझ्या नावाने संपादन कर’ असा अधिकार त्या साधनाला देतो. ते साधन हुबेहूब विकिपीडियासारखं दिसत असेल तर आपण घर सोडून बाहेर आलोय हे त्याला कळणार नाही. हे कळायला हवं. म्हणून बटणं, रंगांचे अर्थ, मराठी हे सगळं ओळखीचं ठेवा, पण माथ्याची पट्टी मुद्दाम वेगळी ठेवा. तिच्यावर साधनाचं नाव, चालवणाऱ्या सदस्याच्या चर्चापानाचा दुवा आणि ‘हे स्वयंसेवकांनी चालवलेलं साधन आहे’ एवढं एक वाक्य असू द्या. माझा हा आग्रह काही डिझायनरांना पटत नाही. त्यांना अखंड अनुभव हवा असतो. मला सदस्य सावध हवा असतो.

तज्ज्ञांची साधनंही सोडा. पेटस्कॅन बघा. खच्चून भरलेला अर्ज, टॅबांमागे टॅब, नवख्याला बघूनच घाम फुटतो. पण वर्गांची छेद-बेरीज करून लेखांच्या याद्या काढणारी माणसं त्याच्यावर मनापासून विसंबून आहेत, आणि त्याचं मोठं कारण असं की तिथल्या प्रत्येक शोधाला कायमचा क्रमांक मिळतो. तो दुवा चावडीवर, म्हणजे समुदायाच्या चर्चेच्या पानावर, टाकला की वर्षभराने दुसरा कुणीही तोच शोध चालवू शकतो. अशा साधनाचं रूप सुधारताना दुवे तुटले तर सुधारणा नको होती असं म्हणायची पाळी येते. तुमच्या गटाच्या साधनांतही हे आधी तपासा. कुठले दुवे लोकांनी चर्चापानांवर, स्पर्धेच्या पानांवर डकवून ठेवलेत? ते चालू राहिलेच पाहिजेत. एकामागोमाग बरीच पानं संपादायचा ऑटोविकिब्राउझर तर विंडोजवरचा प्रोग्राम आहे, तो ब्राउझरातल्या पानासारखा कधीच दिसणार नाही, आणि दिसायची गरजही नाही. ओपनस्ट्रीटमॅप हा मुक्त नकाशा बनवणाऱ्या लोकांनी हे फार पूर्वी पचवलंय. ब्राउझरात चालणारा आयडी आणि जावावरचा जोसम हे दोन संपादक दिसायला सख्खे सोडा, चुलतसुद्धा वाटत नाहीत. पण रस्त्याला, विहिरीला, देवळाला लावायच्या खुणा दोन्हींत त्याच, त्यामुळे नकाशा एकच राहतो.

सुरुवात कशी करायची? चित्रं काढून नको. एखादी नवी सदस्य शोधा आणि तिला एक पूर्ण काम द्या: एका पुस्तकातलं पान शोधा, मुद्रितशोधन करा, त्या लेखकावरच्या लेखाला वर्ग लावा, स्पर्धेत नोंद करा, गुण आले का बघा. तिच्या शेजारी डिझायनर बसेल आणि गप्प राहील. सदस्य जिथे थांबली, मागे गेली, ‘हे झालं का?’ असं विचारलं, तिथे नोंद करायची. हे काम मोबाइलवर करून घ्या, कारण आपले बहुसंख्य लोक तिथेच असतात, आणि बटण बोटाला सापडत नाही हे संगणकावर कधीच कळत नाही. स्पर्शासाठी ४४ पिक्सेल उंची धरा. असे दोन-तीन जण झाले की कामाची यादी तुमच्या हातात येईल, आणि ती तुम्ही बसून केलेल्या यादीपेक्षा वेगळी असेल याची मला खात्री आहे.

यादीतलं काम त्या त्या साधनाच्या मालकाकडे न्या. मालक म्हणजे ज्याने लिहिलं तो. त्याला नवं रूप दाखवून ‘हे असं कर’ म्हणायचं नाही. बदल स्वतः करून, छोटा, वाचता येईल असा, त्याच्यापुढे ठेवायचा. रंग टोकनांवर नेण्याचा एक बदल. मराठीची खूण लावण्याचा दुसरा. एका वेळी एक. स्वयंसेवकाकडे संध्याकाळचा अर्धा तास असतो, त्यात त्याला हे तपासता आलं पाहिजे. गॅजेटांच्या बाबतीत आणखी एक अडचण: विकिपीडियावरचं सामायिक सीएसएस आणि जावास्क्रिप्ट बदलायचा अधिकार २०१८ पासून संपर्कपटल-प्रचालकांपुरता (इंटरफेस ॲडमिन) राखलेला आहे आणि लहान विकींवर असे लोक मोजकेच असतात. त्यांना सुरुवातीलाच सोबत घ्या.

तांत्रिक बाजूला एक गोष्ट जुन्या मंडळींच्या बाजूने सांगायला हवी. व्हेक्टर २०२२ आलं तेव्हा काही गॅजेटं जागच्या जागी मोडली आणि काहींना कळलंदेखील नाही. कळलं नाही ती गॅजेटं मेनूत आपला दुवा मीडियाविकीच्या, म्हणजे विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो तिच्या, ॲडपोर्टलेटलिंक या फंक्शनने टाकत होती, आणि दुवा कुठे दिसावा हे त्या त्या रूपावर सोडत होती. मोडली ती स्वतःच्या हाताने पानाच्या आतल्या चौकटी शोधून त्यात दुवा खुपसणारी. ‘हात लावलात की मोडेल’ ही भीती खरी आहे, पण ती या दुसऱ्या प्रकारच्या गॅजेटांपुरती. आधी तीच ठीक करा, मग रूप कितीही वेळा बदललं तरी फरक पडणार नाही. आणि नवं रूप लावाल तेव्हा जुन्याकडे परत जायचा रस्ता काही काळ उघडा ठेवा. विकिपीडियावर आजही पसंतीत जाऊन २००४ चं मोनोबुक निवडता येतं, आणि निवडणारे आहेत.

फॉन्टबद्दल एक इशारा. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो’ यांसारखा चांगला देवनागरी फॉन्ट सगळ्या साधनांना लावायचा मोह होईल. तो गूगल फॉन्ट्सवरून थेट मागवू नका. त्यात प्रत्येक भेट देणाऱ्याचा आयपी पत्ता तिसऱ्याकडे जातो आणि टूलफोर्जवर ते चालत नाही. फॉन्टाची फाइल साधनासोबतच ठेवा, नाहीतर टूलफोर्जची स्वतःची प्रत वापरा. मला विचाराल तर फॉन्ट लावूच नका. आजच्या फोनमध्ये देवनागरी बरी असते, आणि गावाकडच्या नेटवर पान आधी उघडणं जास्त महत्त्वाचं.

लायब्ररीचंही तसंच. कोडेक्सची बटणं, चौकटी, संदेशपट्ट्या यांतल्या बऱ्याच निव्वळ सीएसएसवर चालतात, व्ह्यू घालायची गरज नाही. दहा ओळींच्या गॅजेटासाठी अख्खी चौकट खेचू नका. गुणफलकासारखं मोठं, हलतं-बोलतं साधन असेल तर व्ह्यूसकट कोडेक्स घ्या. ओओयूआयवर चाललेलं जुनं साधन नीट चालत असेल तर राहू द्या. कोडेक्स दिसायला त्याच्या जवळचंच आहे, सामान्य सदस्याला फरक कळणार नाही. नवीन काही मात्र ओओयूआयवर सुरू करू नका.

राहिला लोगो. विकिपीडियाचा गोळा हे नोंदणीकृत बोधचिन्ह आहे, ते परवानगीशिवाय साधनावर लावू नका. गटाचं स्वतःचं चिन्ह हवं असेल तर करा, पण ते माथ्याच्या पट्टीत लहान ठेवा आणि १६ पिक्सेलच्या चौकोनात ओळखू येतं का ते बघा. ब्राउझरात पाच टॅब उघडे असताना कुठला गुणफलक आणि कुठला सांगकाम्या, हे तेवढ्याच जागेवरून ओळखायचं असतं. त्यामुळे पाचही साधनांना एकच चिन्ह लावू नका. रंग एक ठेवा आणि आत अक्षर वेगळं: ‘गु’, ‘सां’, ‘व’.